एवढी गाडी पुरे

सिंगापूरच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींत, बहुमजली पार्किंगमध्ये एका गाडीसाठी आखलेली जागा २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब असते. तिथे मी भाड्याने घेतलेली टोयोटा कोरोला अल्टिस ४.६३ मीटर लांब आणि १.७८ मीटर रुंद आहे. अरुंद, वळणावळणाच्या चढावरून चौथ्या मजल्यावर जायचं, गाडी मागे घेत रेषांमध्ये बसवायची आणि सगळ्यांनी दारं उघडून नीट उतरायचं, हे या मापात सहज जमतं. आत पाच माणसं बसतात, डिकीत ४७० लिटर सामान मावतं. कुटुंबाच्या गाडीचं माप इथेच थांबायला हवं, असं माझं मत आहे. या स्तंभात मी ते पूर्वीही मांडलं आहे. सिंगापूरमध्ये गाडी चालवल्यानंतर ते आणखी ठामपणे मांडावंसं वाटतं.

ही गाडी आपल्याला अनोळखी नाही. कोरोला भारतात २००३ मध्ये आली, २००८ पासून अल्टिस या नावाने विकली गेली आणि २०२० मध्ये, बीएस-६ नियम लागू होताना, बंद झाली. होंडाची सिव्हिकही त्याच वर्षी गेली. तोवर आपलं गिऱ्हाईक उंच गाड्यांकडे वळलं होतं. सेडान उरली ती बहुतेक चार मीटरच्या आतली, आणि तिचा आकार ठरवला तो करांनी. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायर ३,९९५ मिलिमीटरची झाली आणि तिची डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. सेडान घ्यायची ती डिकीसाठी, आणि तीच आपण छाटली. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हाही चार मीटरची रेघ जागची हलली नाही.

सिंगापूरनेही गाडीवर रेघ ओढली आहे, पण ती लांबीवर नाही. तिथे गाडी घेण्याआधी ती रस्त्यावर आणण्याचा दहा वर्षांचा हक्क विकत घ्यावा लागतो. त्याला सगळे ‘सीओई’ म्हणतात. ही पद्धत १९९० पासून चालू आहे आणि महिन्यातून दोनदा त्याचा लिलाव होतो. १,६०० सीसी आणि ९७ किलोवॉटपर्यंतच्या पेट्रोल गाड्या ‘कॅटेगरी ए’मध्ये, त्याहून ताकदवान ‘बी’मध्ये. ताकदीची अट २०१४ मध्ये आली, कारण तोवर लहान टर्बो इंजिन लावलेल्या महागड्या गाड्याही ‘ए’मध्ये शिरू लागल्या होत्या. १,५९८ सीसीची कोरोला ‘ए’मध्ये बसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या गटातला हक्क १,०६,००० सिंगापूर डॉलरला गेला, म्हणजे साठ लाख रुपयांहून जास्त. ही किंमत नुसत्या परवान्याची. गाडी, तिच्यावरचं शुल्क आणि नोंदणीचा अधिभार त्यानंतर. खासगी गाड्यांची संख्या वाढू द्यायची नाही, हे धोरण फेब्रुवारी २०१८ पासून लागू आहे. तिथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे स्वतःची गाडी नाही, याचं कारण एवढ्यात आलं.

रोजच्या कामाला ती लागतही नाही. एमआरटी, म्हणजे मेट्रो, आणि बस पुरतात. गाडीची गरज पडते ती आई-बाबा पुण्याहून किंवा नागपूरहून येतात तेव्हा, किंवा लहान मुलं सोबत असतात तेव्हा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिथे गाडीत वेगळी सीट किंवा बूस्टर लागतो. टॅक्सीला त्यातून सूट आहे, पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. नातवंडं आणि आजी-आजोबा एकत्र निघाले की भाड्याची सेडान हाच सोपा मार्ग उरतो. काउंटरवर पासपोर्ट, आपलं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो परवाना भारतातून निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून काढून घ्यावा. विम्यात ‘एक्सेस’ किती, म्हणजे अपघात झाला तर आपल्या खिशातून किती जाणार, हे सही करण्याआधी वाचावं. ही रक्कम हजारो डॉलरची असू शकते.

आता चालवण्याविषयी. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, त्यामुळे आपला हात लगेच बसतो. बदलावी लागते ती नजर. एक्स्प्रेसवेवर मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किंवा ९० किलोमीटर, आणि लेन बदलताना इंडिकेटर आधी, गाडी नंतर. हॉर्न मी जवळजवळ वाजवलाच नाही. पिवळ्या किंवा लाल रेषेची बसची लेन ठरावीक वेळात फक्त बसची असते. ज्येष्ठ नागरिक जास्त राहतात अशा वस्त्यांत ‘सिल्व्हर झोन’ आहेत आणि तिथे बऱ्याच रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा रस्त्यावर दोनशे अश्वशक्ती कशाला हव्यात? कोरोलाचं १.६ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स ही जोडी ८०च्या वेगाला अगदी शांत असते. पाय दाबून पुढे पळायला सांगितलं तर इंजिन आधी ओरडतं आणि वेग मग येतो, आणि सीव्हीटी असलेल्या बहुतेक गाड्यांचा स्वभाव असाच असतो. पाय हलका ठेवला की ही गाडी तुमच्या बाजूने असते.

पॅन आयलंड एक्स्प्रेसवेने पूर्वेकडच्या चांगीपासून पश्चिमेकडच्या जुरोंगपर्यंत गेलं की अख्खं बेट आडवं पार होतं. मरीना कोस्टल एक्स्प्रेसवेचा एक भाग समुद्राच्या तळाखालून जातो. तो २०१३ च्या अखेरीस खुला झाला. मला मात्र सर्वांत आवडला तो वायव्येकडचा लिम चू कांग रोड. दोन्ही बाजूंना झाडी, शेतं, आणि मध्ये सरळसोट रस्ता. हवाई दलाच्या सरावात हाच रस्ता दिवे आणि बसथांबे काढून धावपट्टी म्हणून वापरला गेला आहे. तिथे काचा खाली करून ताशी ६०च्या वेगाने जाताना गाडीचा तोल कळतो. सेडानमध्ये आपण जमिनीजवळ बसतो, वळणावर अंग कलत नाही, मागे बसलेल्यांना मळमळत नाही.

याची खरी परीक्षा मलेशियाच्या रस्त्यावर झाली. मलाक्का सिंगापूरहून साधारण २४० किलोमीटर आहे. भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायला कंपनीची परवानगी आणि वेगळे पैसे लागतात, आणि सगळ्या कंपन्या परवानगी देत नाहीत. दुसरा नियम टाकीचा. सिंगापूरची गाडी देशाबाहेर जाताना टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली असली पाहिजे, नाहीतर दंड होतो आणि परत फिरावं लागतं. मलेशियात पेट्रोल खूप स्वस्त आहे. लोकांनी रिकाम्या टाकीने जाऊन भरून येऊ नये, म्हणून १९९१ पासून ही तीन चतुर्थांशची अट आहे. पलीकडे परदेशी गाडीला स्वस्तातलं रॉन ९५ पेट्रोल घेता येत नाही, रॉन ९७च भरावं लागतं. सिंगापूरला मलेशियाशी जोडणारा तुआसचा दुसरा पूल ओलांडला की पुढे उत्तर-दक्षिण महामार्ग लागतो आणि मर्यादा ताशी ११० होते. तेलताडाच्या बागांमधून तासन्‌तास जाणारा तो रस्ता. पाचही जागा भरलेल्या, डिकीत चार बॅगा, आजीच्या औषधांची पिशवी आणि डब्यांची वेगळी पिशवी. सगळं सामान झाकलेलं, कुणाच्या पायाशी काही नाही, मागच्या काचेतून रस्ता स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या उंच गाड्यांत तिसरी रांग उघडली की सामानाला जागाच उरत नाही, हा अनुभव वाचकांनी घेतला असेल.

सेडानविरुद्धचा एक मुद्दा मात्र खरा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात खाली वाकून बसावं लागतं आणि उतरताना दाराचा आधार घ्यावा लागतो. मलाक्क्याला प्रत्येक थांब्यावर मी हे पाहिलं. उंच सीटवर नुसतं सरकून बसता येतं. घरात असं कुणी रोज गाडीने जाणारं असेल, तर उंच गाडी घ्यावी, त्यात दुमत नाही. दुसरा आक्षेप खालून घासण्याचा. तो गाडीचा दोष नाही. नियमाबाहेरचे गतिरोधक आणि खड्डे हा महापालिकेचा दोष आहे, आणि त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कुटुंबाने उंच आणि महाग गाडी घ्यायची, हे मला मान्य नाही. आपण रस्ता मागायचा सोडून गाडी उंच करत गेलो.

भाड्याच्या गाडीने मला आणखी एक गोष्ट दाखवली. सिंगापूरमध्ये गाडीचा प्रत्येक खर्च त्या त्या वेळी समोर येतो. शहरात शिरण्याचे पैसे घेण्याची सुरुवात तिथे १९७५ मध्ये कागदी परवान्याने झाली आणि १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक कमानी आल्या. गर्दीच्या वेळी कमानीखालून गेलं की डॅशबोर्डजवळचं यंत्र वाजतं आणि पैसे कापले जातात. वसाहतीतल्या पार्किंगला अर्ध्या तासाला ६० सेंट, मध्यवर्ती भागात त्याच्या दुप्पट. पेट्रोलच्या भावात कराचा मोठा वाटा. हे सगळं समोर दिसलं की माणूस विचारतो, या फेरीला गाडी हवी का? आम्ही लिटल इंडियात खरेदीला मेट्रोने गेलो आणि गाडी फक्त दूरच्या फेऱ्यांना काढली.

पुण्यात आपण हा हिशेब मांडतच नाही. रस्त्याकडेला रात्रंदिवस उभी असलेली गाडी जागेचे पैसे देत नाही. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, पण विरोध झाला आणि ते रस्त्यावर उतरलं नाही. सीओईसारखी पद्धत आपल्याकडे आणा, असं मी म्हणणार नाही. तिथे ती चालते, कारण आधी चांगली बस आणि मेट्रो आहे. आणि लिलावात श्रीमंताचं पारडं जड राहतं, ही तिची उणीवही आहे. पण रस्त्यावरच्या जागेला भाडं लागलंच पाहिजे, आणि लांब-रुंद गाडीला ते जास्त लागलं पाहिजे. महापालिकेने २०१८ चं धोरण पुन्हा काढावं आणि किमान काही रस्त्यांवर ते अमलात आणावं.

आणि पाडव्याला गाडी बुक करणार असाल, तर त्याआधी काही दिवस एक सेडान भाड्याने घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या, स्वतः चालवायच्या गाड्या आता पुण्या-मुंबईत सहज मिळतात. घरातल्या सगळ्यांना बसवा, डिकी भरा, सोसायटीतल्या तुमच्या जागेत ती लावून बघा, आजीला एकदा चढवून-उतरवून बघा. शोरूममध्ये त्यानंतरच जा.