तिखटमिठाच्या फराळातली साखर

मधुमेही माणसापुढे दिवाळीत फराळ ठेवताना आपण गृहिणी मोठी काळजी घेतो. लाडू-करंज्या बाजूला काढतो आणि चिवडा-चकलीची बशी मात्र काठोकाठ भरतो. “हे तिखटमिठाचे आहे, खुशाल खा!” पण जिभेला गोड लागणे वेगळे आणि रक्तात साखर वाढणे वेगळे. चिवड्यातले पोहे तांदळाचेच, आणि चकलीच्या भाजणीतही तांदूळच जास्त. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. साखरेऐवजी गूळ घालून केलेले लाडूही त्याच वाटेने जातात.

आमच्या घरी हा विषय चेष्टेचा नाही. माझ्या थोरल्या दिरांच्या पायाची जाणीव मधुमेहाने गेली होती. चपलेतला खडा त्यांना कळलाच नाही. जखम चिघळली आणि अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. म्हणून ह्यांनाही मधुमेह निघाला, तेव्हा साखर मोजण्याचे छोटे यंत्र आम्ही पहिल्याच महिन्यात घरी आणले.

सासूबाईंच्या वेळी लघवीचे आठ थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळून रंग पाहत. निळा राहिला की हायसे वाटे, विटकरी झाला की चिंता. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर चढल्याखेरीज ती लघवीत बहुधा उतरत नाही. आणि उतरली तरी ती मागच्या काही तासांची हकीकत. बोटाचा थेंब या घटकेची गोष्ट सांगतो.

गेल्या पाडव्याला हे म्हणाले, “सणाच्या दिवशी तरी ते यंत्र नको.” मी म्हटले, “सणालाच हवे. रोजच्या भाजी-भाकरीचा आकडा तर आपल्याला पाठ आहे!” फराळापूर्वी ११८ होते. बशीभर चिवडा, तीन चकल्या आणि बिनसाखरेचा चहा झाला. दोन तासांनी पाहतो तो २३६! आणि गोड म्हणाल तर एक घासही नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मी ताटच फिरवले. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर, मग एक चकली, मूठभर चिवडा आणि हो, अर्धी करंजीसुद्धा! नंतर दोघे वीस मिनिटे फिरून आलो. दोन तासांनी १७२. ह्यांनी तो आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.

तुमच्या घरचे आकडे निराळे येतील. म्हणूनच तर मोजायचे. पहिल्या घासापूर्वी एकदा आणि त्यानंतर दोन तासांनी एकदा, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत, पुढे काय खाल्ले तेही. पुष्कळांना खाल्ल्यानंतर १८० च्या आत राहायला सांगतात. आपली मर्यादा आपल्या डॉक्टरांना विचारावी. वही त्यांना दाखवावी, पण गोळ्या किंवा इन्शुलिन आपल्या मनाने कमीजास्त करू नये.

मोजण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. लाडू वळलेल्या बोटाचा थेंब खोटा आकडा दाखवतो! बोट टोकाला न टोचता कडेला टोचावे, म्हणजे कमी दुखते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावावे.

आणखी एक. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांना सणाच्या धावपळीत जेवायला उशीर झाला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्या घटकेला साखर हेच औषध! माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही न घालता तडक डॉक्टरांना गाठावे.

राहता राहिला आपला आग्रह. “एकाने काय होतंय!” असे दहा घरांत दहाजणी म्हणतात आणि पाहुणा भिडेपोटी खातो. यंदा आग्रह करायचाच, तर उसळीच्या दुसऱ्या वाटीचा करा; आणि तो “पुरे” म्हणाला, की लाडवाच्या डब्याला झाकण लावून गप्पांना बसा.