दूर म्हणजे कुठे?

आमच्या शाळेचं स्काउट-गाइड शिबिर यंदा शहापूर तालुक्यात, एका पाड्याजवळच्या माळावर आहे. दीडशे मुलं-मुली, चार दिवस. नियोजनाच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी (आम्ही सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणतो) सुचवलं की टेम्पोवर बसवलेला फिरता इन्सिनरेटर भाड्याने घेऊ. डिझेलवर चालतो, कचरा तिथल्या तिथे जाळून टाकतो. "सर, मागे फक्त मूठभर राख. झंझटच नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नको म्हणालो, पण का ते तिथे नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

शाळा घाटकोपरला असली तरी आमच्याकडे गोवंडी-शिवाजीनगरहून येणारी मुलं पुष्कळ. त्यांना इन्सिनरेटर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मुंबईतल्या दवाखान्यांचा आणि रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी 2009 मध्ये देवनारला, वस्तीला लागून सुरू झाली. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, जनहित याचिका केली, आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायचा आदेश दिला. डम्पिंग ग्राउंड तर 1927 पासूनचं. गोराईचं 2007 ला बंद झालं, मुलुंडचं 2018 ला, देवनार आहेच. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि परिसरातल्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. ती सुट्टी आठवणारी मुलं आता कॉलेजात आहेत.

भट्टी वाईटच असते असं मला म्हणायचं नाही. रुग्णालयातला काही कचरा जाळण्याला पर्याय नसतो. पण नीट जाळणं म्हणजे काय, ते 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत वाचा. पहिल्या कक्षात किमान 800 अंश सेल्सिअस, दुसऱ्यात 1050 च्या आसपास, तिथे धूर किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, चिमणी 30 मीटर उंच हवी. एवढं सगळं कशासाठी? प्लास्टिक, त्यातही पीव्हीसी, कमी तापमानात जळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. आता टेम्पोवरची चिमणी किती उंच असणार? आणि शिबिराचा कचरा म्हणजे काय, तर उरलेला भात, कांद्याची सालं, केळ्याची सालं, चहाचा चोथा. निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणजे आधी डिझेल जाळून पाणी आटवायचं. एरवी खड्डा खणून वर माती टाकली तर हेच काम गांडुळं फुकटात करतात.

दूरच्या तळावर कचरा जाळण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकी सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात केला. उघड्या खड्ड्यांत प्लास्टिक, औषधं, बॅटऱ्या, सगळं विमानाचं इंधन ओतून पेटवायचे. नंतर इन्सिनरेटर मागवले, त्यातले काही कधी चालवलेच गेले नाहीत, असं त्यांच्याच तपासनिसांनी नोंदवलंय. त्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी 2022 मध्ये तिथे कायदा झाला. खड्ड्यांच्या पलीकडे राहणाऱ्या इराक्यांसाठी आणि अफगाणांसाठी मात्र त्या कायद्यात काही नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'दूर' हा शब्द दोन्हींत एकच, अर्थही एकच. पण दूर कोणापासून, हे वाक्यात कधी नसतं. शहराला देवनार दूर वाटलं. आता गोवंडीला खालापूर दूर वाटतं. तो निकाल आला तेव्हा मीही खूश झालो होतो, नाही कशाला म्हणू? माझ्या विद्यार्थ्यांची फुप्फुसं मला जवळची. पण खालापुरातही शाळा असतील, तिथेही कोणी मास्तर हजेरी घेत असेल. आणि आम्ही ज्या माळावर भट्टी नेणार, तिथला पाडा आम्हाला फक्त नकाशावर दूर आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ईमानाचा भाग, हे मदरशात पाठ केलं होतं. ती उचलून शेजाऱ्याच्या दारात ठेवायची सूट त्यात नव्हती.

बैठकीत एकच प्रश्न असा निघाला की मी गप्प झालो. गाइडच्या शिक्षिका म्हणाल्या, "सर, मुलींच्या पॅडचं काय? चार दिवस त्यांनी ते बॅगेत सांभाळायचे का? भट्टी निदान तेवढ्यासाठी तरी हवी." मुद्दा खरा आहे आणि तो माझ्या डोक्यात आला नव्हता, हेही खरं. त्यावर बाईंशी बोलूनच सुचलंय ते असं: मुलींच्या तंबूमागे झाकणाचा डबा, कागदी पिशव्या, आणि डबा उचलायची जबाबदारी मोठ्यांची, मुलींची नाही. परत येताना तो आमच्याच बसमध्ये.

यावर हाजीसाहेब विचारणार, "म्हणजे सर, इथे आणून शेवटी कांजूरला नाहीतर देवनारलाच टाकणार ना?" हो, टाकणार. मुंबई रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा काढते, त्यात आमच्या दोन पिशव्या. पण तो कचरा आमचा आहे. म्हणून माझा आग्रह पिशव्या कमी करण्याचा आहे. थर्माकोलच्या प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्या बंद. ताट, वाटी, पेला घरून. बिर्याणी एकदाच, तीही मोजून, कारण दर वर्षी सर्वांत जास्त फेकली जाते ती तीच.

शनिवारी पुन्हा बैठक आहे. टेम्पोवाल्याला अजून आगाऊ रक्कम दिलेली नाही, एवढं मी ऑफिसात विचारून ठेवलंय.