गुडघा आणि गाव

लातूरच्या मुरुडला पहाटे पोलीस-लष्कर भरतीसाठी धावणारी पोरं दिसली की मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेची आठवण येते. बीडच्या आष्टी तालुक्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा. २०२४ साली पॅरिसमध्ये त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली, हा राष्ट्रीय विक्रम. पुढच्याच वर्षी जुलैत, मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्याजवळ तो पडला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

दैव कधी वजनकाट्यावरही रुसतं. पाटोद्याचा कुस्तीगीर राहुल आवारे हा आपल्या लातूरच्या हरिश्चंद्र बिराजदार मामांचा पठ्ठ्या. २०१८ मध्ये त्यानं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, २०१९ मध्ये जागतिक कांस्य. पण ते कांस्य ६१ किलोचं, आणि हा वजनगट ऑलिम्पिकमध्ये नाहीच! ५७ किलोत रवी दहियानं त्याच स्पर्धेत टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं. इतका मोठा मल्ल ऑलिम्पिकच्या आखाड्यात उतरलाच नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

वजनगट आपल्या हातात नसतो, पण दुखापतीवरचे उपचार असतात. साबळेसाठी निदान मोठे सर्जन होते. गावातल्या पोराचा गुडघा मुरगळला की तेल चोळतात, पट्टी बांधतात आणि आठवड्यानं त्याला पुन्हा पळायला लावतात. फाटलेलं लिगामेंट चोळून जुळत नाही. शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण ताकदीनं धावायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि तोवर भरतीचं वय निघून जातं. तालुक्याला नवं क्रीडासंकुल बांधण्याआधी एक फिजिओथेरपिस्ट नेमा, अशी आमची मागणी आहे.