त्यांना भाडं, आपल्याला दंडाची पावती

डोंगरउतारावर नांगर धरला की माती वाहून जाते, म्हणून नेवाड सोडा, असं फॉरेस्टवाले सांगतात. माती वाहते हे खरं आहे, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण सोडून खायचं काय?

हाच प्रश्न अमेरिकेत आला. तिथे 1930 नंतर नांगरलेल्या माळरानाची माती वाऱ्यानं उडाली, धुळीची वादळं झाली. पुढे 1985 साली कायदा झाला. ज्या शेताची माती फार धुपते ते शेतकऱ्यानं किमान 10 वर्षं पेरायचं नाही, गवत किंवा झाडं लावायची. बदल्यात सरकार एकरी दरसाल भाडं देतं. सरकारनं ठरवलेल्या कमाल दराच्या आत किती भाडं हवं ते शेतकरी लिहून मागतो. लागवडीचा निम्मा खर्च सरकारचा. मुदत संपली की शेत पेरायला मोकळं, कारण जमीन सगळा वेळ त्याचीच असते. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग. तिथे या कामावर शेतकऱ्यांनी निवडून दिलेली कमिटी असते.

तिथेही सगळं गोड नाही. पैसा जमीनमालकाला, मोठ्या मालकाला जास्त. म्हणून एका माणसाला वर्षाला 50,000 डॉलरची हद्द घालावी लागली. शेतं पडीक राहिली की बी-खताची दुकानं बसतात, मजुराचं काम जातं. म्हणून काउंटीतल्या लागवडीच्या जमिनीपैकी साधारण पाव हिश्श्यावर घेत नाहीत.

आता आपलं बघा. कारण तेच, माती आणि जंगल. पण आपल्या शेताचं नाव अतिक्रमण. भाडं राहिलं बाजूला, दंड भरा. उभ्या पिकात रोपांचे खड्डे खणतात, आणि खणायला मजूर म्हणून आपल्यालाच बोलावतात! 1990 साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, आदिवासीला 100 टक्के अनुदान. आंबा लावा, काजू लावा, पण आधी सातबारा दाखवा. ज्याच्या उताराला झाडाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याचकडे सातबारा नाही.

आपल्यातले काही म्हणतात, अनुदान मागू नका, मिंधे व्हाल, आधी हक्क. मला ते अर्धंच पटतं. हक्क आधी, हे बरोबर. अमेरिकेतल्या शेतकऱ्यालाही भाडं मिळतं ते जमीन नावावर आहे म्हणून. पण नुसता पट्टा मिळाला आणि उतार धुपतच राहिला तर आपली पोरं दगडात काय पेरणार? म्हणून निवेदनात दोन्ही एकाच ओळीत लिहा. नेवाड आमच्या नावावर करा, आणि तिच्यावर दगडी बांध घालायची मजुरी व रोपं द्या. झाड कुठलं ते गाव ठरवेल. महू, आंबा, चारोळी चालेल. निलगिरी नको.

आणि दंडाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका. कुठल्या साली कोण नेवाड करत होतं, ते सरकारच्याच सहीनं त्यावर लिहिलेलं आहे. त्यांच्या नकला निवेदनाला जोडायच्या आहेत.