पाहुण्यासारखं जावं, पाहुण्यासारखं यावं

२०२४ ची दिवाळी आटोपली आणि आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाला धाकट्या नणंदेकडे गेलो. ती मेलबर्नला असते. "वहिनी, शनिवार-रविवार मोकळे ठेवा, तुम्हाला पेंग्विन दाखवते," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पेंग्विन म्हणजे बर्फ, एवढंच मला ठाऊक. इथे कुठला आलाय बर्फ? पण डब्यात मेथीचे ठेपले भरले आणि निघालो.

मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटरवर फिलिप आयलंड हे बेट आहे. सॅन रेमो या गावातून पूल ओलांडला की आपण बेटावर. शनिवारी दुपारी झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर बांधलेल्या लाकडी वाटेवरून चालत कोआला पाहिले. फांदीच्या बेचक्यात बसून गाढ झोपलेले! दिवसातले वीसेक तास हा प्राणी झोपतो म्हणे. आमचे हे म्हणाले, "याला रविवारची पुरवणी वाचायलाही वेळ मिळत नसेल."

संध्याकाळी समुद्राकाठच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. नोव्हेंबर म्हणजे तिथला वसंत, पण वारा असा की मी शालीवर शाल घेतली. तिथे फोटो काढायला सक्त मनाई आहे, कारण प्रकाशानं पेंग्विन बिचकतात. हजारभर माणसं हातातले मोबाइल बंद करून गप्प बसली होती. आपल्याकडच्या लग्नात अक्षता पडतानाही एवढी शांतता मी पाहिलेली नाही.

अंधार पडू लागला तशी लाटेतून एक निळसर आकृती बाहेर आली. जेमतेम फूटभर उंच, वजन किलोभर. जगातली ही सर्वांत लहान पेंग्विनची जात. तो थबकला, घाबरला, परत पाण्यात पळाला. मग सात-आठ जण जमले आणि एकमेकांच्या आधारानं वाळू ओलांडून डुलत डुलत वर चढले. पहाटे अंधारात मासे पकडायला गेलेले ते आईबाप. बिळात पिल्लं भुकेनं ओरडत होती. दिवसभर राबून, पोटात घास साठवून घरी परतणारी ती आई पाहिली आणि माझे डोळे भरून आले. आपल्यातल्या किती जणी अशाच संध्याकाळच्या एसटीतून उतरतात!

पण त्या रात्री माझ्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. जिथे आम्ही बसलो होतो त्या समरलँडच्या टोकावर पूर्वी माणसांची वसाहत होती. दीडशेहून अधिक घरं, रस्ते, मोटारी, पाळीव कुत्री. मोटारींखाली आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी पेंग्विन मरत होते. असंच चाललं तर इथून ते नामशेष होतील, असा इशारा अभ्यासकांनी दिला. तेव्हा १९८५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनं ती सगळी वसाहत विकत घ्यायचं ठरवलं. एकेक घर, एकेक प्लॉट पैसे मोजून घेतला. शेवटचा व्यवहार झाला २०१० मध्ये. पंचवीस वर्षं लागली! घरं पाडली, तिथे पुन्हा गवत-झुडपं लावली. २०१७ मध्ये बेट कोल्हेमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आज बेटावर तीस हजारांहून अधिक पेंग्विन आहेत.

हे ऐकताना मला आधी आनंद झाला आणि मग पोटात कालवलं. मी सातारा जिल्ह्यात काम करते. कोयना धरणासाठी उठलेल्या कुटुंबांच्या सुना-नातींबरोबर बसून मी अर्ज लिहिलेत. साठच्या दशकात आजेसासऱ्यांनी गाव सोडलं आणि जमिनीसाठी खेटे नातसून घालते आहे. त्याच खोऱ्यात २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. तेव्हापासून वाघाचं नाव काढलं की एक आजी मला म्हणते, "ताई, वाघाला घर मिळालं ते बरंच झालं. पर आमचं कुठं हाय?"

समरलँडचे सगळे लोक काही हसत गेले नसतील. समुद्राकाठचं घर सोडताना कुणाला बरं वाटेल? शिवाय त्यातली कित्येक घरं सुटीपुरती वापरायची होती. आपल्याकडे मात्र घराबरोबर शेत, देव आणि पोटही जातं. म्हणजे आपल्या माणसांना तर जास्तच सांभाळून, जास्तच देऊन उठवायला हवं. आपण करतो नेमकं उलटं. आधी उठवतो, मोबदल्याचं मग बघू म्हणतो. आणि मग "प्राणी महत्त्वाचा की माणूस?" असा वाद लावून देतो. हा वादच खोटा आहे. वेळ, पैसा आणि मान दिला तर दोघांची सोय होते, एवढं त्या बेटानं दाखवलं आहे.

आपल्याकडेही चांगलं घडतंच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखली जातात. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येतात, गावातल्या घरांत उतरतात आणि तिथल्या बायकांच्या हातचं जेवतात. कासव वाचलं आणि चार पैसे घरच्या बाईच्या हातीही आले.

रविवारी सकाळी नॉबीजच्या कड्यावरून समुद्र पाहिला. समोरच्या सील रॉक्सवर हजारो सील राहतात. तिथेही माणूस लांबूनच बघतो.

आदल्या रात्री परत निघताना वाहनतळावर एक पाटी दिसली होती. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहा, चाकाशी पेंग्विन बसला असेल. आमचे हे गुडघेदुखी विसरून वाकले, मीही वाकले. कुणी नव्हतं तिथे. पण निघण्याआधी वाकून बघायची ती सवय मला फार आवडली. धरण असो, अभयारण्य असो की हमरस्ता, आपली गाडी पुढे काढण्याआधी चाकाखाली कुणाचं घर येतंय का, एवढं तरी वाकून बघूया ना!