शर्टाला माप, बाईकला नाही

माझी उंची सहा फूट दोन इंच. जुन्या घरांच्या चौकटी, एसटीच्या सीटा, पाहुण्यांकडची खाट, या सगळ्यांशी माझं लहानपणापासून भांडण आहे. त्यामुळे एखादी वस्तू अंगाला बसली नाही की दोष आपल्याच अंगाचा, हे मी कधीच मान्य करून टाकलं होतं. ही सवय किती महागात पडू शकते, ते मला एका स्पोर्ट बाईकने शिकवलं.

आम्ही अंजूरचे. बाहेरच्या माणसाला अंजूर म्हटलं की अंजूर फाटा आठवतो. गाव वेगळं, फाटा वेगळा. गाव खाडीच्या बाजूला शांत. फाटा म्हणजे गोदामांकडे जाणारे कंटेनर, टेम्पो, रिक्षा आणि खड्डे. त्या रस्त्यावरून मी रोज ठाण्याला कामाला जायचो. पगार जमवून एक सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. गाडी दिसायला देखणी होती. मित्र म्हणाले, तुझ्या उंचीला शोभते. खरं तर मी तिच्यावर मोठ्या माणसाने पोराची तीनचाकी घेतल्यासारखा दिसायचो. गुडघे टाकीच्या खोबणीत मावायचे नाहीत आणि हँडल पूर्ण वळवलं की अंगठा गुडघ्याला लागायचा.

पहिल्या महिन्यात मनगटं दुखली. वाटलं, सवय होईल. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. जुम्म्याच्या नमाजला सज्द्यात तळहात टेकवले की मनगटात कळ यायची, आणि बसताना गुडघा दुमडायला नको म्हणायचा. तिशीत नसलेला मी, मशिदीतल्या म्हाताऱ्यांकडे हेव्याने बघत होतो. तरी कुणाला सांगितलं नाही. गाडी आपल्याला झेपत नाही, हे कोणता तरुण कबूल करतो?

एका संध्याकाळी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये समोरचा टेम्पो थांबला. ब्रेक दाबायचं डोक्यात आलं, पण बधिर बोटांना लिव्हर नीट सापडलाच नाही. चाक टेम्पोच्या मागच्या फळीला जाऊन टेकलं. वेग रांगण्याइतकाच होता म्हणून काही झालं नाही. टेम्पोवाल्याने दोन शिव्या घातल्या आणि निघून गेला. मी मात्र बाजूला उभा राहून हात झटकत राहिलो. तोवर ज्याला मी 'थोडा त्रास' म्हणत होतो, तो सुरक्षिततेचा प्रश्न होता.

हे का होतं, ते समजून घ्यायला इंजिनिअर असावं लागत नाही. गाडीवर आपलं शरीर तीन ठिकाणी टेकतं : सीट, हँडल आणि फूटरेस्ट. या तीन बिंदूंचा त्रिकोण तुमची बैठक ठरवतो. स्पोर्ट बाईकचं हँडल खाली आणि पुढे असतं, फूटरेस्ट वर आणि मागे. फूटरेस्ट वर, कारण वळणावर गाडी खूप कलली तर ते रस्त्याला घासू नये. हँडल खाली, कारण वाकलेल्या अंगाला वारा कमी अडतो. जोरात जाताना समोरचा वारा छातीला मागे ढकलतो आणि मनगटांवरचा भार हलका करतो. पण अंजूर फाट्यावर तासाला दहा किलोमीटरच्या वेगात कुठला वारा? वरच्या अंगाचा भार मग तळहातांवर येतो. धड लांब असेल तर भार आणखी वाढतो, आणि पाय लांब असतील तर तेवढ्याच जागेत गुडघा जास्त दुमडतो.

कुणी म्हणेल, मग उंच माणसाने स्पोर्ट बाईक घ्यायचीच कशाला? मलाही हेच ऐकवलं गेलं. पण नऊ जगज्जेतेपदं मिळवणारा व्हॅलेंटिनो रॉसी सहा फुटांच्या आसपासचा. फ्रान्सचा लोरिस बाझ तर सहा फुटांहून चांगलाच उंच, आणि तोही मोटोजीपीत धावला. त्याच मैदानात दानी पेड्रोसासारखा सव्वापाच फुटांच्या आतला स्वारही होता. मग हे जमतं कसं? शर्यतीच्या गाडीची सीट, हँडल, फूटरेस्ट त्या-त्या स्वाराच्या अंगाप्रमाणे बसवतात. त्या गाडीचं अक्षरशः माप घेतलेलं असतं. आपण शर्यतीच्या गाडीचं रूप विकत घेतो. तिच्यातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट मात्र शोरूमपर्यंत पोचत नाही.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होतं. आमच्या अंजूरचे गंगाजी नाईक १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेच्या इतिहासातलं मोठं नाव. त्या काळचा घोडेस्वार खोगिरावर बसताना रिकिबीचा पट्टा आपल्या पायाच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त करू शकत होता. अठराव्या शतकातल्या रिकिबीला जे जमत होतं, ते आजच्या बहुतेक फूटरेस्टना जमत नाही. ते बोल्टने एकाच जागी आवळलेले.

कंपन्यांची बाजूही समजून घेऊ. आपल्याकडे पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास. मापं ठरवताना दोन्ही टोकांची पाच-पाच टक्के माणसं सोडून मधल्यांचा विचार करायची डिझाइनमधली जुनी पद्धत आहे. मी त्या सोडलेल्यांतला. सगळ्या सीटा उंच करा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठी उंच केलेल्या सीटवरून पाच फुटी मुलीचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि तिचा हक्क माझ्याइतकाच आहे. माझं मागणं साधं आहे : जे बदलता येईल ते बदलता येण्यासारखं ठेवा, आणि मापं छापा.

माहितीपत्रकात सीटची उंची छापलेली असते. यामाहाची आर-१५ २००८ साली भारतात आली तेव्हा तिची सीट ७९० मिमी होती, २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत ८१५ मिमी झाली. पण हा आकडा फक्त पाय जमिनीला टेकतील का, एवढंच सांगतो. उंच माणसाला ती चिंता नसते. त्याला हवं असतं सीटपासून फूटरेस्टचं अंतर आणि सीटपासून हँडलचं अंतर. हे आकडे माहितीपत्रकात सहसा सापडत नाहीत. ८१० मिमी सीटच्या दोन गाड्या गुडघ्यासाठी अगदी वेगळ्या असू शकतात. आणि सोय करणं अशक्य आहे असंही नाही. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या २०२३च्या आवृत्तीची सीट ८०० वरून ८२० मिमीपर्यंत उंच करता येते. वीस मिमी म्हणजे बोटभर जाडी. पण गुडघ्याला विचारा तिची किंमत.

तोवर आपण काय करायचं? मी जे केलं ते सांगतो. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून घेतले, म्हणजे मनगट सरळ राहतं. माझा बूट अकरा नंबरचा, म्हणून गिअरचा दांडा वर करून घेतला. या दोन्हीला पैसे लागत नाहीत, मेकॅनिकची दहा मिनिटं लागतात. सीटवाल्याकडून घट्ट फोमचा एक थर वाढवला. गुडघ्यांनी टाकी धरून पोट आणि कमरेवर भार घ्यायला शिकलो. हँडल उंच करायचा मोह झाला होता, पण त्यात केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो का ते जाणत्याकडून तपासून घ्यावं लागतं. बाजारातला स्वस्त तुकडा लावून मोकळं होण्यातलं ते काम नाही. त्रास अर्ध्यावर आला, संपला नाही. शेवटी वर्षभराने गाडी विकली. हात पूर्ववत व्हायला आणखी काही महिने गेले.

आता आपाचा मुलगा अठरा वर्षांचा झालाय. सहा फूट एक इंच. त्यालाही तसलीच गाडी हवी. आपा म्हणाली, "तू समजाव त्याला, घेऊच नको म्हणावं." मी तसं म्हटलं नाही. मी अब्बांचा जुना टेप खिशात घातला आणि त्याच्याबरोबर शोरूमला गेलो. अब्बांनी आयुष्यभर शिलाईकाम केलं. आमच्या भिवंडीत कापड मोजण्यावरच पोट भरतं. चारशे रुपयांच्या शर्टासाठी अब्बा गळा, खांदा, बाही, मनगट अशी आठ मापं घ्यायचे. दीड-दोन लाखांच्या गाडीसाठी मात्र आपण रंग विचारतो, मायलेज विचारतो आणि सही करतो.

मी सीट ते फूटरेस्ट टेप लावला तेव्हा सेल्समन हसला. भाचाही लाजला, "मामू, बस करा ना." मी त्याला म्हटलं, गाडीवर बस आणि वीस मिनिटं बसून राहा. पाच मिनिटांच्या चक्करमध्ये कुठलीच गाडी दुखत नाही. पंधराव्या मिनिटाला तो हात झटकायला लागला. मी काही बोललो नाही. वही काढून त्याने स्वतःच आकडे लिहिले, आणि शेजारच्या दुसऱ्या गाडीवर जाऊन बसला.

अजून त्याने काही घेतलेलं नाही. तीन शोरूम झाली, टेप त्याच्याच खिशात आहे.