रातांब्याचे सरबत आणि साखरेची काटकसर

रातांबा हे कोकण व गोमंतक या प्रदेशांचे स्वतःचे फळ होय. फारशी निगा न राखताही हे झाड भरभरून फळते. परंतु एप्रिल-मे हा त्याचा मुख्य हंगाम असल्याने उशिरा पिकणारी बरीच फळे पावसाच्या तोंडी सापडतात. आमसुले करावयाची तर साली रसात पुनःपुन्हा भिजवून कडक उन्हात वाळवाव्या लागतात. आभाळ भरून आले की साली बुरसतात आणि उरलेली फळे झाडाखाली कुजून जातात. ही नासाडी टाळण्यास घरच्या घरी सरबत करून ठेवणे हा सोपा उपाय होय.

त्याची कृती अवघड नाही. पूर्ण पिकलेली फळे धुऊन कोरडी पुसावीत व कापून बिया आणि गर काढावा. 1 किलो सालीस 2 किलो साखर या प्रमाणात काचेच्या बरणीत थरावर थर द्यावेत. रोज स्वच्छ, कोरड्या लाकडी पळीने ढवळावे. सुमारे आठवड्यात साखर विरघळून दाट पाक तयार होतो. तो गाळून त्यात चवीपुरते मीठ व जिऱ्याची पूड मिसळावी आणि उकळत्या पाण्यातून काढून वाळविलेल्या बाटल्यांत भरावा. फळ फार आंबट असल्याने लोखंड, तांबे, पितळ किंवा अॅल्युमिनियम यांची भांडी वापरू नयेत. काढलेल्या बियाही टाकू नयेत. त्यांपासून कोकमतेल निघते.

तथापि पुष्कळ घरी चूक होते ती साखरेच्या बाबतीत. साखर महाग म्हणून ती निम्मी घालण्याचा मोह होतो. परंतु येथे साखर केवळ गोडीसाठी नसते, तर ती राखण करते. वरील प्रमाणात पाकातील साखर शेकडा 65 हून अधिक राहते व अशा दाट पाकात किण्वाची वाढ सहसा होत नाही. साखर निम्मी केली, अथवा ओली फळे, ओली पळी यांतून पाणी शिरले, की पाक फसफसू लागतो आणि त्यात मद्यार्क तयार होतो. मुलाबाळांना द्यावयाचे सरबत असे आंबणे कोणासही रुचणार नाही. शिवाय तेव्हा वाचविलेल्या साखरेबरोबर घातलेली साखर आणि फळेही वाया जातात.

इतकी साखर प्रकृतीस बरी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच 1 भाग पाकात 5 ते 6 भाग पाणी घालून सरबत प्यावे. मधुमेह असलेल्यांनी मिठात मुरविलेले आगळ पाण्यात घालून घ्यावे. प्रमाण बिघडविणे हा त्यावरील उपाय नव्हे.

दुसरा मोह रंगाचा. कोकमाचा तांबडा रंग उजेडात व उष्णतेत फिका पडतो. बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवल्यास तो पुष्कळ टिकतो. वरून कृत्रिम रंग घालण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांच्या कोकमास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एका घरची आंबलेली वा रंगविलेली बाटली साऱ्या गावच्या मालाचे नाव घालविते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या आरंभीच महिला बचत गटांपुढे ही कृती प्रत्यक्ष तराजू लावून करून दाखवावी. विक्री करणाऱ्यांना 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीचीही माहिती द्यावी. मापाने केलेले सरबत पावसाआधी बरणीत पडले, तर झाडाखाली कुजणारे फळ घरास चार पैसे मिळवून देईल.